टायटॅनियम की अलॉय स्टील? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टायटॅनियम आणि अलॉय स्टीलच्या तुलनेचे तेच तेच प्रश्न इतक्या वेळा येतात की शेवटी सगळे एका जागी लिहून ठेवतोय. वेगळं काही सांगितलं नसेल तिथे टायटॅनियम म्हणजे ग्रेड ५ समजा, ज्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं, आणि अलॉय स्टील म्हणजे ४१४० किंवा ४३४०. आकडे साधारण आहेत आणि साध्या तापमानाचे आहेत, हातात मटेरियल सर्टिफिकेट असेल तर त्यावरचाच आकडा धरायचा.

१. टायटॅनियम स्टीलपेक्षा मजबूत असतं ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि याला हो किंवा नाही असं उत्तर देताच येत नाही, कारण "मजबूत" या एका शब्दात आपण चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. ओढल्यावर तुटायला किती जोर लागतो ती ताकद. वजन टाकल्यावर किती कमी वाकतं तो ताठपणा. ओरखडा किंवा खड्डा किती सहज पडत नाही तो हार्डनेस. आणि चीर पडलीच तर ती पुढे पळू न देणं हा चिवटपणा. काच हार्ड असते पण चिवट नसते, रबर चिवट असतं पण ताठ अजिबात नसतं, त्यामुळे एकात पुढे म्हणजे सगळ्यात पुढे असं नसतं.

आता आकडे. ग्रेड ५ ॲनील केलेलं (तापवून हळू थंड करून मऊ केलेलं) असेल तर यील्ड, म्हणजे धातू कायमचा वाकायला लागतो तो ताण, साधारण ८८० एमपीए (मेगापास्कल, ताणाचं एकक), तुटताना ९५० च्या आसपास. ४१४० ॲनील केलेलं असेल तर यील्ड त्याच्या निम्मंसुद्धा नसतं, पण तेच क्वेंच (तापवून झटकन थंड) आणि टेम्पर (मग पुन्हा बेताचं गरम) करून २८ ते ३२ एचआरसीला (रॉकवेल हार्डनेसचा आकडा) आणलं की तुटण्याची ताकद ९०० ते १००० एमपीएवर जाते, म्हणजे टायटॅनियमच्या बरोबरीने. आणि ४३४० क्वेंच करून ४२५ अंश सेल्सिअसला टेम्पर केलं तर यील्ड १४०० एमपीएच्या वर जातं, जिथे ग्रेड ५ कुठल्याही हीट ट्रीटमेंटने पोचत नाही. म्हणजे निव्वळ ताकद बघितली तर चांगलं हीट ट्रीट केलेलं अलॉय स्टील पुढे आहे. टायटॅनियमचा मुद्दा वजनाचा आहे, तो प्रश्न ३ मध्ये.

२. अलॉय स्टील म्हणजे नक्की काय? स्टेनलेस पण त्यातच धरायचं का?

लोखंड आणि कार्बन सगळ्याच स्टीलमध्ये असतात. त्यात मुद्दाम क्रोमियम, मॉलिब्डेनम, निकेल असं थोडं थोडं घातलं की अलॉय स्टील. ४१४० मध्ये कार्बन सुमारे ०.४ टक्के, क्रोमियम १ टक्क्याच्या आसपास, मॉलिब्डेनम ०.२ टक्के. ४३४० मध्ये याशिवाय पावणेदोन-दोन टक्के निकेल. एवढ्याशा मसाल्याने मुख्य फरक पडतो तो हार्डनिंग आतपर्यंत पोचण्यात, साधं कार्बन स्टील जाड असेल तर वरून हार्ड होतं आणि आत मऊ राहतं.

स्टेनलेसमध्ये क्रोमियम कमीत कमी साडेदहा टक्के लागतं, तो वेगळा परिवार. इथे "स्टील" म्हटलं की स्टेनलेस नाही.

३. "निम्म्या वजनात दुप्पट ताकद" असं वाचलं, खरं आहे का?

यातले दोन्ही भाग सरसकट खरे नाहीत. टायटॅनियमची घनता ४.४३, स्टीलची ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. म्हणजे त्याच आकाराचा तुकडा स्टीलच्या ५६ टक्के वजनाचा, निम्म्यापेक्षा जास्तच. आणि दुप्पट ताकद कोणाच्या तुलनेत? साध्या माइल्ड स्टीलच्या तुलनेत तिपटीहूनही जास्त निघेल, पण ४३४० च्या तुलनेत कमी.

योग्य पद्धत अशी की यील्डला घनतेने भागायचं. टायटॅनियम: ८८० भागिले ४.४३, सुमारे १९९. प्रीहार्ड (आधीच हीट ट्रीट होऊन आलेलं) ४१४०, यील्ड ६५५ धरलं तर ८३. इथे टायटॅनियम खरंच खूप पुढे आहे. पण ४३४० ला ४२५ अंशाला टेम्पर केलेलं, यील्ड १४२० धरा, उत्तर येतं १८१. म्हणजे फरक जवळजवळ संपला. ही गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात, स्टील जसजसं वरच्या ताकदीचं घ्याल तसतसा टायटॅनियमचा वजनाचा फायदा विरघळत जातो. तेव्हा तुलना करताना कुठलं स्टील आणि कुठल्या हीट ट्रीटमेंटचं हे आधी विचारा, नाहीतर तुलना करूच नका.

४. स्टीलचा शाफ्ट होता, तोच ड्रॉइंग वापरून टायटॅनियमचा केला, आता जास्त वाकतोय. मटेरियल खराब आलं का?

नाही हो, मटेरियल बरोबरच असणार. ताठपणा मोजतात तो इलॅस्टिक मॉड्युलसने, स्टीलचा २०५ जीपीए (१ जीपीए म्हणजे १००० एमपीए) आणि टायटॅनियमचा ११४. तेवढ्याच व्यासाचा, तेवढ्याच लांबीचा, तेवढंच वजन पेलणारा टायटॅनियमचा शाफ्ट १.८ पट वाकणारच. आणि यात हीट ट्रीटमेंट काही मदत करत नाही, लोक म्हणतात "जरा हार्ड करून घ्या म्हणजे वाकणार नाही", तर तसं होत नाही, हार्ड केल्याने कायमचं वाकायला जोर जास्त लागेल पण त्या आधी लवचिकपणे जेवढं वाकायचं तेवढं वाकेलच. मऊ ४१४० आणि कडक ४१४० दोघंही सारखेच ताठ.

उपाय म्हणजे व्यास वाढवणं. भरीव गोल शाफ्टचा वाकण्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे फार वाढवावा लागत नाही, १६ टक्के पुरतो. २० मिलिमीटरचा स्टीलचा शाफ्ट असेल तर टायटॅनियमचा साधारण २३.२ चा. मग वजन किती वाचलं? क्षेत्रफळ ३४ टक्के वाढलं, घनता ५६ टक्के, गुणाकार केला की स्टीलच्या ७६ टक्के. म्हणजे बचत ४४ टक्के नाही, २४ टक्के, आणि तीसुद्धा बेअरिंग, हाउसिंग सगळं मोठ्या व्यासाचं करायची जागा असेल तर. जागा नसेल तर स्टीलच बरं.

अजून एक. मॉड्युलस भागिले घनता काढलं तर स्टील २६.१ आणि टायटॅनियम २५.७. सारखंच! ॲल्युमिनियमसुद्धा तिथेच येतं. त्यामुळे निव्वळ ओढ किंवा दाब घेणाऱ्या सळईत ताठपणाच्या हिशोबाने टायटॅनियम घेऊन वजन काहीच वाचत नाही.

उलट स्प्रिंगमध्ये हाच कमीपणा कामाला येतो. तिथे लवचिकपणाच हवा असतो, त्यामुळे कमी वेढ्यांत काम होतं आणि वरून धातूच हलका.

५. टायटॅनियमचा चाकू, गिअर किंवा बुश केला तर वर्षानुवर्षं टिकेल ना?

नाही. ग्रेड ५ चा हार्डनेस साधारण ३६ एचआरसी. चांगल्या चाकूची धार ५८ ते ६० ची असते, केस हार्डन केलेल्या गिअरचा दात ५८ ते ६२. ४१४० क्वेंच केल्या केल्या ५४-५५ पर्यंत जातं. टायटॅनियममध्ये कार्बन स्टीलसारखा मार्टेन्साइटचा, म्हणजे क्वेंच केल्यावर तयार होणाऱ्या कडक रचनेचा, हार्डनेस मिळतच नाही.

आणि हार्डनेसपेक्षा वाईट गोष्ट म्हणजे घासण्याची सवय. टायटॅनियम टायटॅनियमवर किंवा स्टीलवर दाबाखाली सरकलं की वरचा ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो, आतला ताजा धातू समोरच्याला चिकटतो, उपटला जातो, पुन्हा चिकटतो. याला गॉलिंग म्हणतात. सरकणारा, फिरणारा, घासणारा पार्ट असेल तर कोटिंग किंवा नायट्रायडिंग (वरच्या थरात नायट्रोजन मुरवून तो कडक करणं) शिवाय टायटॅनियम वापरू नका. १९९० साली आलेल्या होंडा एनएसएक्सच्या इंजिनात कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे होते, पण अशा पार्टलासुद्धा घासणाऱ्या जागी संरक्षण द्यावंच लागतं.

६. पण "टायटॅनियम ड्रिल बिट" तर स्टील आरपार कापतात, ते कसं?

ते टायटॅनियम नसतंच. आत हाय स्पीड स्टील असतं आणि वर टायटॅनियम नायट्राइडचा काही मायक्रॉनचा सोनेरी थर. नायट्राइड हे सिरॅमिक आहे, धातू नाही, हार्डनेस २००० विकर्सच्या (हार्डनेसचं आणखी एक माप) वर. म्हणून धार पुन्हा लावली की टोकावरचा थर जातो आणि तिथे साधं ड्रिल उरतं. सोनेरी रंग बघून टायटॅनियम धातूबद्दल मत बनवू नका, एवढंच.

७. टायटॅनियमला गंज का धरत नाही आणि क्रोमियम असूनही ४१४० ला का धरतो?

टायटॅनियम हवेत आलं की लगेच त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर बसतो, तो धातूला घट्ट धरून राहतो आणि ओरखडा पडला तर हवेत किंवा पाण्यात स्वतःच पुन्हा तयार होतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत, तो आतल्या धातूला झाकत नाही, पापुद्रे निघतात आणि खाली नवीन गंज सुरू. ४१४० मधलं १ टक्का क्रोमियम हार्डनिंगसाठी आहे, गंजासाठी ते अजिबात पुरत नाही, तेल, रंग किंवा प्लेटिंग लागणारच.

समुद्राच्या पाण्यात हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो. सोव्हिएत युनियनची कोम्सोमोलेट्स ही पाणबुडी टायटॅनियमच्या हलची (कवचाची) होती आणि १९८४ मध्ये ती १०२० मीटर खोल गेली होती. बिलबाओचं गुगेनहाइम म्युझियम, १९९७ चं, बाहेरून टायटॅनियमच्या अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्र्यांनी मढवलेलं आहे, एवढा पातळ पत्रा उघड्यावर ठेवायची हिंमत स्टीलच्या बाबतीत कोणी करणार नाही.

पण "काहीच होत नाही" असंही नाही, अपवाद प्रश्न १६ मध्ये आहेत.

८. टायटॅनियमचा वितळबिंदू जास्त आहे, म्हणजे ते जास्त गरम जागी चालेल?

वितळबिंदू जास्त आहे हे खरं, शुद्ध टायटॅनियम १६६८ अंश आणि ४१४० सारखं स्टील १४०० च्या वर कुठेतरी. पण वापरायची मर्यादा वितळबिंदूवरून ठरत नाही. ग्रेड ५ साठी ती साधारण ३५० ते ४०० अंश. त्यावर ताकद घसरते, लोडखाली हळूहळू ताणत जातं, आणि अजून वर, ५५० च्या पुढे, हवेतला ऑक्सिजन आत शिरून वरचा थर ठिसूळ होतो, त्याला अल्फा केस म्हणतात, तो केमिकलने किंवा मशीनिंगने काढावाच लागतो नाहीतर चिरा तिथूनच सुरू होतात. उलट सव्वादोन टक्के क्रोमियम आणि १ टक्का मॉलिब्डेनमवालं स्टील बॉयलरच्या पाइपमध्ये साडेपाचशे अंशांपर्यंत वर्षानुवर्षं काम करतं.

उष्णता वाहून नेण्यातही टायटॅनियम फार मागे. ग्रेड ५ ची वाहकता ६.७, ४१४० ची ४२ च्या आसपास. एका जागी गरम झालं की तिथेच गरम राहतं. तापून फुगणं मात्र कमी, ८.६ विरुद्ध १२.३ मायक्रोमीटर प्रति मीटर प्रति अंश, हा फरक बोल्टमध्ये नडतो.

९. आणि खूप थंडीत?

इथे टायटॅनियम चांगलं. स्टीलला एक तापमान असतं ज्याच्या खाली ते चिवटपणा सोडून काचेसारखं तुटायला लागतं, ४३४० निकेलमुळे साध्या स्टीलपेक्षा बराच खाली तग धरतं पण मर्यादा आहेच. टायटॅनियममध्ये असा अचानक कडा नसतो. रॉकेटच्या अतिथंड टाक्यांसाठी ग्रेड ५ चाच कमी ऑक्सिजनवाला प्रकार वापरतात.

१०. टायटॅनियम मशीन करताना टूल का जळतं? स्टीलपेक्षा ते हार्ड नाही म्हणता ना?

हार्डनेसचा हा प्रश्नच नाही. वर वाहकतेचा आकडा दिला तो आठवा. स्टील कापताना उष्णतेचा मोठा भाग चिपबरोबर (कापताना निघणाऱ्या किसाबरोबर) निघून जातो, टायटॅनियममध्ये ती चिपमध्ये जात नाही, जॉबमध्येही पसरत नाही, सगळी टूलच्या टोकावर साचते. त्यात गरम टायटॅनियम टूलच्या मटेरियलशी रासायनिकरीत्या चिकटतं, टोक टवका उडून जातं. आणि मॉड्युलस कमी असल्यामुळे पातळ जॉब टूलपासून लांब सरकतो आणि टूल पुढे गेलं की परत येतो, मग माप चुकतं आणि टूल कापायच्या ऐवजी घासायला लागतं.

म्हणून स्पीड कमी ठेवायचा. कार्बाइडने प्रीहार्ड ४१४० मिनिटाला दीडशे मीटरने आरामात चालतं, ग्रेड ५ ला ४०-६० पासून सुरुवात करा. पण फीड (टूल पुढे सरकण्याचा दर) कमी करू नका, ही चूक जवळजवळ सगळे करतात, भीतीने फीड उतरवतात आणि मग टूल घासत बसतं. धारदार टूल, भरपूर कूलंट, आणि चालू कटमध्ये टूल एका जागी थांबू द्यायचं नाही. सुरुवातीला मी स्वतः स्टीलच्याच स्पीडने एक जॉब लावला होता, पहिल्याच पासात इन्सर्टचं टोक गेलं आणि जॉबवर निळा पट्टा उमटला, तो जॉब टाकूनच द्यावा लागला. चिप्सचं काय करायचं ते पुढच्या उत्तरात.

११. टायटॅनियमच्या चिप्सना खरंच आग लागते?

लागते, आणि यात हलगर्जीपणा नको. मोठा तुकडा पेट घेत नाही, पण बारीक चिप्स, ग्राइंडिंगची पावडर यांना ठिणगी पुरते. एकदा पेटलं की पाणी मारू नका, जळतं टायटॅनियम पाण्यातून हायड्रोजन काढतं आणि भडका उडतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही उपयोगाचा नाही. नायट्रोजनमध्येसुद्धा टायटॅनियम जळू शकतं, त्यामुळे हवा कोंडून विझेल अशी आशा नको. धातूच्या आगीसाठीचं खास पावडरचं अग्निशामक किंवा पूर्ण कोरडी वाळू, आणि सगळ्यात आधी म्हणजे चिप्स साचूच न देणं, स्टीलच्या चिप्समध्ये न मिसळणं, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवणं. ग्राइंडरखाली स्टीलची आणि टायटॅनियमची धूळ एकत्र साठू देऊ नका, लोखंडाचा गंज आणि टायटॅनियमची पावडर हे मिश्रण पेटलं तर भयानक तापतं.

१२. टायटॅनियम स्टीलला वेल्ड करता येतं का?

सरळ वेल्ड मारून नाही. दोन्ही वितळून मिसळले की लोखंड-टायटॅनियमची संयुगं तयार होतात, ती इतकी ठिसूळ की बऱ्याचदा वेल्ड थंड होतानाच तडकतो. जोडायचंच असेल तर बोल्ट, ब्रेझिंग, किंवा मधे दुसऱ्या धातूचा थर, किंवा स्फोटाच्या दाबाने दोन पत्रे जोडलेली प्लेट घ्यायची ज्याच्या एका बाजूला स्टील वेल्ड करता येतं आणि दुसऱ्या बाजूला टायटॅनियम.

टायटॅनियम टायटॅनियमला मात्र उत्तम वेल्ड होतं, फक्त आर्गॉन हवा आणि तोही नुसता टॉर्चवर नाही, मागून आणि पलीकडून सुद्धा, धातू ४०० अंशांच्या खाली येईपर्यंत. रंग बघून कळतं. चांदीसारखा चकचकीत म्हणजे उत्तम, फिकट गवती चालतो, निळा आला की काळजी, राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसली की कापून टाका, त्यावर पुन्हा वेल्ड मारून उपयोग नाही कारण ऑक्सिजन आत गेलेला असतो. ४१४० ची अडचण वेगळी, तिथे आधी २०० अंशांच्या वर प्रीहीट, कोरडे लो हायड्रोजन रॉड आणि नंतर हळू थंड करणं, नाहीतर वेल्डच्या शेजारी चिरा, आणि त्या कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतात.

१३. गाडीचे स्टीलचे बोल्ट काढून टायटॅनियमचे लावले तर चालेल?

कुठले, यावर आहे. बोल्टच्या डोक्यावरचा नंबर बघा. ८.८ म्हणजे तुटायची ताकद ८०० एमपीए, १०.९ म्हणजे १००० च्या वर, १२.९ म्हणजे १२०० च्या वर. ग्रेड ५ साधारण ९५० ला, म्हणजे ८.८ च्या वर आणि १०.९ च्या खाली. बॉडी पॅनेल, कव्हर वगैरे ठिकाणी ८.८ च्या जागी खुशाल लावा. ब्रेक कॅलिपर, स्टिअरिंग, कनेक्टिंग रॉड इथे १०.९ किंवा १२.९ असतील तर हात लावू नका, काही ग्रॅम वाचवण्यासाठी ही जोखीम घेण्यासारखी नाही.

दुसरं म्हणजे टॉर्क. टायटॅनियमचं घर्षण जास्त, त्यामुळे पुस्तकातला स्टीलचा टॉर्क कोरड्या टायटॅनियम बोल्टला लावला तर टॉर्क पान्याचा क्लिक येईल पण बोल्टमध्ये खरा ताण कमी भरलेला असेल. उत्पादकाने दिलेला टॉर्क आणि त्याने सांगितलेलं अँटी-सीझ (थ्रेड जाम होऊ न देणारं वंगण) लावूनच. थ्रेड कोरडे ठेवले तर गॉलिंग होतं, मध्येच जाम झाला की पुढेही जात नाही, मागेही येत नाही, मी असा एक स्टड शेवटी कापून काढलाय. अडकतोय असं हाताला जाणवलं की तिथेच थांबा आणि उलट फिरवा, जोर लावू नका.

तिसरं, तापमान. ॲल्युमिनियमच्या इंजिनमध्ये टायटॅनियमचा बोल्ट असेल तर ॲल्युमिनियम तापून बोल्टच्या अडीचपटीहून जास्त फुगतं, बोल्टमधला ताण वाढतो. स्टीलच्या बोल्टमध्येही वाढतो, पण फुगण्यातली तफावत तिथे कमी.

१४. टायटॅनियम आणि स्टील एकमेकांना लावून ठेवले तर कोण गंजतं?

स्टील. पाणी, विशेषतः खारं पाणी मध्ये आलं की बॅटरी तयार होते, त्यात टायटॅनियम सुरक्षित बाजूला आणि स्टील खाल्लं जाणाऱ्या बाजूला. क्षेत्रफळाचं गणित इथे फार महत्त्वाचं, मोठ्या टायटॅनियमच्या प्लेटला छोटे स्टीलचे बोल्ट म्हणजे सगळा मारा त्या बोल्टवर, ते झपाट्याने जातील. मोठ्या स्टीलमध्ये छोटा टायटॅनियमचा बोल्ट हे त्यामानाने बरंच सौम्य. मध्ये नायलॉनचा वॉशर, बुश, सीलंट असं काहीतरी टाकून दोघांना वेगळं करा.

१५. फटिगमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा लोड आल्यावर, कोण चांगलं?

वजनाच्या हिशोबात टायटॅनियम, पण नाजूकपणासकट. स्टीलला साधारण तुटण्याच्या ताकदीच्या निम्म्यावर एक मर्यादा असते, त्याखाली लाखो वेळा लोड आलं तरी चालतं, हा नियम खूप हार्ड स्टीलला मात्र लागू पडत नाही. ग्रेड ५ पॉलिश केलेलं असेल तर १ कोटी सायकलला ५०० एमपीएच्या आसपास टिकतं, पण ओरखडा, टूलची खूण, तीक्ष्ण कोपरा, किंवा दोन पार्ट एकमेकांवर किंचित किंचित घासणं, यातलं काही असेल तर तो आकडा खूप खाली येतो.

दोन घटना इथे सांगण्यासारख्या आहेत. १९ जुलै १९८९ ला युनायटेड एअरलाइन्सचं फ्लाइट २३२ हे विमान अमेरिकेत सू सिटीला कोसळलं, कारण इंजिनाच्या टायटॅनियमच्या फॅन डिस्कमध्ये धातू वितळवतानाच राहिलेला नायट्रोजनयुक्त कडक ठिसूळ दोष, तिथून चीर वर्षानुवर्षं वाढत गेली आणि तपासणीत सुटली. आणि सप्टेंबर २०१७ मध्ये एअर फ्रान्सच्या ए३८० विमानाच्या इंजिनाचा फॅन ग्रीनलँडवर तुटून पडला, तिथे कारण कोल्ड ड्वेल फटिग निघालं, म्हणजे लोड नुसतं ये-जा करत नाही तर वर जाऊन काही वेळ थांबतं, आणि तेवढ्या थांबण्याने साध्या तापमानालाच चीर लवकर सुरू होते. स्टीलच्या सवयीने हिशोब करणाऱ्याच्या हे डोक्यातच येत नाही.

१६. टायटॅनियमला कशानेच काही होत नाही म्हणतात, खरंच?

नाही, आणि जिथे होतं तिथे एकदम होतं. हायड्रोफ्लोरिक ॲसिड थोडंसं असलं तरी धातू खातं. क्लोरीन वायू ओला असेल तर टायटॅनियम मजेत राहतं आणि कोरडा असेल तर पेटू शकतं, स्टीलचं नेमकं उलट, कोरडा क्लोरीन साध्या तापमानाला स्टीलच्या सिलिंडरमध्ये ठेवतात. गरम खाऱ्या पाण्यात गॅस्केटखालच्या फटीत ग्रेड २ (मिश्रण न केलेलं टायटॅनियम) खाल्लं जातं, तिथे थोडं पॅलेडियम असलेलं ग्रेड ७ घेतात. शुद्ध, कोरड्या मिथेनॉलने ताणाखालचं टायटॅनियम चिरतं, १९६६ मध्ये अपोलोची टाकी मिथेनॉल भरून प्रेशर टेस्ट करताना अशीच फुटली. थोडं पाणी मिसळलेलं असतं तर तो पापुद्रा सावरला असता.

आणि कॅडमियम. लॉकहीडने ए-१२ आणि एसआर-७१ ही विमानं बहुतांश टायटॅनियमची बनवली, तेव्हा बोल्टची डोकी तुटायला लागली, शोध घेतला तर पान्यांवरचं कॅडमियम प्लेटिंग टायटॅनियमला लागत होतं, मग सगळ्या टूलबॉक्समधून तसे पाने काढून टाकले. तिथेच उन्हाळ्यात वेल्ड केलेली पॅनेल लवकर खराब व्हायची आणि हिवाळ्यातली टिकायची, कारण उन्हाळ्यात धुवायच्या पाण्यात क्लोरीन जास्त घातलेलं असायचं.

१७. हातातला तुकडा टायटॅनियम आहे की स्टील, घरी कसं ओळखू?

आधी मॅग्नेट. अलॉय स्टीलला कडकडून चिकटतो, टायटॅनियमला अजिबात नाही. पण बरंच स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही म्हणून पुढचं करा, वजन करा, मग पाण्यात बुडवून किती मिलिलिटर पाणी वर आलं ते बघा, भागाकार साडेचारच्या आसपास आला तर टायटॅनियम, आठच्या जवळ तर स्टेनलेस, २.७ तर ॲल्युमिनियम. ग्राइंडरवर टायटॅनियमच्या ठिणग्या डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या असतात, स्टीलच्या पिवळ्या-नारिंगी आणि फुटणाऱ्या. ओल्या काचेवर टायटॅनियमचा कोपरा दाबून ओढला की राखाडी रेघ उमटते, बोटाने पुसत नाही. ग्रेड कुठला हे मात्र घरी कळणार नाही, त्याला तपासणी यंत्रच लागतं.

१८. जमिनीत टायटॅनियम भरपूर आहे म्हणतात, मग एवढं महाग का?

पृथ्वीच्या कवचात मुबलकतेत नववा क्रमांक आहे, हे खरंच. सापडलं १७९१ ला, पण शुद्ध धातू १९१० पर्यंत हातात आला नाही, कारण ऑक्सिजन ते सोडतच नाही. लोखंडासारखं कोळशाबरोबर भट्टीत टाकलं तर धातू न मिळता कार्बाइड मिळतं. त्यामुळे आधी क्लोराइड करायचं, मग बंद भांड्यात मॅग्नेशियमने त्यातलं क्लोरीन ओढून घ्यायचं, ही क्रोलची पद्धत, आणि ती एकेका बॅचने चालते, सतत ओतत राहणारी भट्टी नाही. जो स्पंज निघतो तो व्हॅक्यूममध्ये पुन्हा वितळवायचा, विमानाच्या पार्टसाठी दोन-तीन वेळा. वर मशीनिंग, प्रश्न १० मध्ये सांगितलं तसं.

१९. डेटाशीटवर एक आकडा आणि टेस्टमध्ये कमी आला, फसवलं का?

बहुतेक वेळा नाही. डेटाशीटवर "टिपिकल" आकडा असतो, स्टँडर्डमध्ये "मिनिमम" असतो, ग्रेड ५ ची मिनिमम यील्ड ८२८ एमपीए आहे. डिझाइन नेहमी मिनिममवर करायचं. शिवाय जाडी. ४१४० चा जाड बार क्वेंच केला तर मध्यभाग हवा तेवढा हार्ड होत नाही, अशा ठिकाणी ४३४० घेतात. ग्रेड ५ सोल्युशन ट्रीट आणि एज करून (तापवून पटकन थंड, मग कमी तापमानाला ठेवून) ११०० यील्ड मिळतं असं वाचाल, पण ते साधारण २५ मिलिमीटर जाडीपर्यंतच, त्यापुढे आतला भाग पुरेसा पटकन थंडच होत नाही. छोट्या टेस्ट पीसचा आकडा जाड पार्टला लावला की असा घोळ होतो.

२०. विमानात एकेक किलो वाचवतात, मग लँडिंग गिअर इतकी वर्षं स्टीलचं का?

हा माझा आवडता प्रश्न. लँडिंग गिअरला विमानाच्या पोटात घडी होऊन बसायचं असतं, जागा अगदी मोजकी. तेवढ्या बारीक व्यासात तो धक्का पेलायला ३००एम हे स्टील वापरतात, ४३४० मध्येच सिलिकॉन वाढवून आणि थोडं व्हॅनेडियम घालून केलेलं, तुटायची ताकद १९०० एमपीएच्या पुढे. टायटॅनियम घेतलं तर व्यास वाढतो आणि तो मावत नाही, प्रश्न ४ चाच मुद्दा.

पण त्या ताकदीची किंमत मोजावी लागते. एवढं हार्ड स्टील हायड्रोजनला फार भितं, गंजताना किंवा प्लेटिंग करताना आत शिरलेल्या हायड्रोजनने ते काही तासांनी, दिवसांनी, कमी लोडवर तडकतं. म्हणून प्लेटिंग झालं की लगेच १९० अंशांच्या आसपास तासन्‌तास बेक करून तो बाहेर काढतात, आणि पुढे आयुष्यभर प्लेटिंग खरवडलं तर नाही ना हे बघत बसावं लागतं. यालाच कंटाळून बोइंग ७७७ च्या लँडिंग गिअरचा ट्रक बीम, म्हणजे चाकं ज्याला जोडलेली असतात तो आडवा भाग, १० टक्के व्हॅनेडियमवाल्या टायटॅनियमचा केला. ताकद ३००एमपेक्षा कमी, पण त्या भागाला जाड करायला जागा होती आणि गंजाची तपासणी संपली.